बिननावाचं बोट

कोरी घागर पहिल्यांदा पाण्यात बुडवली की बारीक चर्र असा आवाज येतो. माती पाणी पिते, त्याचा. यंदाही वैशाख लागला, देवपुरात आमच्या गल्लीत कुंभाराची हातगाडी आली, सुनेनं घागरी घेतल्या, अंगणातल्या हौदात बुडवल्या आणि तो आवाज झाला. माझ्या हातावर काटा आला. एवढ्या उन्हात. दरवर्षी येतो. मी बोलत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर काटा आला तर घरचे आधी शुगर तपासतात.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. दुसरीकडे त्या दिवशी सोनं घेतात म्हणे. आमच्या खानदेशात त्या दिवशी मेलेली माणसं पाणी प्यायला येतात. त्यांच्यासाठी घागर भरायची, तिच्यावर लोटा, लोट्यावर खरबूज, सांजोरी, आंबा. आणि उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढायची. एका मेल्या माणसाचं एक बोट. नाव घ्यायचं, ओल्या कुंकवात बोट बुडवायचं, लाकडावर वरून खाली ओढायचं. आमच्या घरात सासरे, सासू, मोठे दीर आणि माझा नवरा. चार नावं, चार बोटं. मी पाच ओढायचे. पाचवं ओढताना तोंड मिटलेलं.

घरात दोनच मेलेले होते तेव्हा मी तीन ओढायचे. सासूच्या हातात हा मान होता तेव्हा तिच्या मागून उंबरठा पुसायच्या निमित्तानं खाली बसायचे आणि कडेला एक बोट ओढून घ्यायचे. घागर मात्र कधी ठेवली नाही. घागर दिसते. कुणाची म्हणून विचारतात. बोट कुणी पाहत नाही.

दुसरी एक गोष्ट सांगते. आखाजीच्या दिवशी मला तहान लागत नाही. लहानपणी लागायची. नंतर कधीतरी लागेनाशी झाली. सकाळी चहा होतो, त्यानंतर थेट संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट नको वाटतो. बाहेर डांबर पातळ होतं, कुत्री गाडीखाली जीभ काढून पडतात आणि मी चुलीपुढे पुरण वाटत बसते, घसा ओला. घरातली पोरं म्हणायची, आजीच्या पोटात उंट आहे. मीही हसायचे.

आणि तिसरी. आमच्या गच्चीवरून पांझरा दिसते. उन्हाळ्यात नदी कसली, वाळू आणि दगड. भर दुपारी पलीकडच्या काठावर मला एक बाई उभी दिसायची. एक हात वर. मी भुताखेतांतली नाही. डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हटलं डाग दिसत असेल. ऑपरेशन झालं. धुण्याची दोरी दिसायला लागली, पुलावरच्या मोटारींचे रंग दिसायला लागले. बाई गेली नाही.

मागच्या वर्षी चैत्रात माझी नात जागृती दिल्लीहून आली. ती तिकडे आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम. ए. करते. माझी शाळा चौथीपर्यंतची. मी तिला विचारलं, "एवढं शिकून करायचं काय?"

"दोन देश भांडले की त्यांच्यात बोलणी करायची, आजी."

"हे काम आमच्याकडे पाटलीणबाई चुलीपुढून न उठता करायच्या."

"त्यांना परीक्षा नव्हती. मला आहे."

परीक्षा अशी की, दोन देशांमधून एक नदी वाहते, नदीवरून भांडण आहे. एका देशाकडून जागृती बसणार, दुसऱ्याकडून दुसरं कुणी. मास्तर बाजूला बसून ऐकणार. तिला सरावाला समोर कुणीतरी हवं होतं. तिची आई शाळेत शिकवते, तिला वेळ नाही. बाप म्हणाला, मी घरात कधी वाटाघाटी जिंकलेलो नाही. उरले मी.

दुपारी बाराला वीज जायची, कूलर बंद पडायचा. गल्लीत चिटपाखरू नसायचं. अशा वेळी आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाला समोरासमोर बसायचो. मध्ये पाण्याचा स्टीलचा जग. ती नदी.

"तू खालच्या अंगाचा देश. मी वरच्या अंगाचा. मी धरण बांधतेय."

"बांध की. मला कशाला विचारतेस?"

"तुला पाणी मिळणार नाही."

"मग तुझ्या धरणात तुलाच बुडवीन."

"असं बोलायचं नाही, आजी. 'आम्हाला तीव्र चिंता वाटते', असं बोलायचं."

"अर्थ एकच ना?"

"एकच. पण हे लिहून ठेवता येतं."

चार दिवस मी चिंता व्यक्त केली. मग कंटाळले. म्हटलं, मला देश नको, देश मी पाहिलेला नाही. मला गाव दे. ती म्हणाली, कोणतं? माझ्या तोंडून निघून गेलं, "पलीकडचं."

माझं माहेर पाचोऱ्याच्या अंगाला. नदीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे त्यांचं. नदी एवढी अरुंद की इकडच्या बाईनं भाकरी थापली तर तिकडे कळावं. शाळा आमच्या काठाला होती. पलीकडची पोरं वाळू तुडवत यायची. त्यातली द्वारका चौथीपर्यंत माझ्या पट्टीवर बसली. आम्ही तिला द्वारकी म्हणायचो. शब्दाचं शेवटचं अक्षर ओढून बोलायची. गुरुजी तिची नक्कल करायचे, तीही गुरुजींची करायची, त्यांच्यापेक्षा बरी.

मागच्या आखाजीला मी उंबरठ्यावर बोटं ओढली तेव्हा जागृती मांडी घालून शेजारी बसली होती.

"आजी, मेलेले चार. बोटं पाच."

"हात सरकला."

"हात सरकला तर बोट वाकडं येतं. हे सरळ आहे."

सून आतून म्हणाली, "हिला लहानपणापासून मोजायची खोड आहे. आई, तुम्ही लक्ष देऊ नका." मी दिलं नाही. जागृतीनं मात्र दिलं. त्या पाचव्या बोटाकडे ती कितीतरी वेळ पाहत होती.

दोन दिवसांनी सराव पुन्हा सुरू झाला. ती मोबाइलवर सगळं बोलणं टिपून घ्यायची, नंतर ऐकून आपल्या चुका काढायची. त्या दुपारी मी पलीकडचं गाव होते. मला आठवतं ते असं की, तिनं विचारलं, "तुमच्या बाजूची मुख्य मागणी काय?" आणि मी म्हणाले, "नदी दोघांची आहे." एवढंच. संध्याकाळी ती मोबाइल घेऊन माझ्याकडे आली.

"आजी, तू इथे काय म्हणालीस? मी तेव्हा लिहीत होते, मला वाटलं तू भूमिकेत शिरलीस. पण मला नीट कळलं नाही."

मी ऐकलं. तिचा प्रश्न होता. मग बराच वेळ काही नाही, फक्त बाहेर कावळा. आणि मग एक बाई म्हणाली, "बोट वढस, मंग पानी काबर देस नहीऽ?"

बोट ओढतेस, मग पाणी का देत नाहीस. आमच्या माहेरची बोली. आवाज माझा होता, सत्तरीच्या पुढच्या बाईचा, घशात खरखर असलेला. शेवटचं अक्षर ओढणं मात्र माझं नव्हतं. मी कधीच तसं बोलत नाही. आणि त्यानंतर माझाच आवाज आला, नेहमीचा, "नदी दोघांची आहे." जणू मधलं काही झालंच नव्हतं.

जागृतीनं ते पुन्हा लावायला बोट पुढे केलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, बंद कर. तिनं बंद केलं. पोर हुशार आहे. दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसल्यावर वही उघडून आपला अभ्यास सांगायला लागली. बोलणी संपली की दोन्ही देश मिळून एक निवेदन काढतात म्हणे. दोघांना मान्य होईल तेवढंच त्यात लिहायचं. खोटं लिहायचं नाही, खरं पुरतं लिहायचं नाही. आणि शब्द दोन्हीकडे तेच, एका अक्षराचाही फरक नको.

मी म्हटलं, "असं एक मला पाठ आहे."

"कोणतं?"

"पोरीला ऊन लागलं."

मग मी तिला सांगितलं ते इथेही सांगते.

आखाजीला आमच्याकडे बार व्हायचा. दोन्ही गावच्या बाया आणि पोरी नदीच्या दोन्ही काठांवर जमायच्या आणि एकमेकींना शिव्या द्यायच्या. एकमेकींच्या गावाची, नवऱ्यांची, आयामायांची पार लक्तरं काढायच्या. मग दगड. वर्षभर ज्यांनी सासूचं, नवऱ्याचं ऐकून घेतलं त्या त्या दिवशी सुटायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच बाया एकमेकींकडे सांजोऱ्या घेऊन जायच्या. कपाळाला फडकं बांधलेली, जिनं फोडलं तिच्याच हातची सांजोरी खायची. नियम होते. दगड मुठीत मावेल एवढाच. पोटुशीला मारायचं नाही. डोक्यावर पाण्याची घागर असेल तिला मारायचं नाही. आणि शेवटचा, दगड कुणाचा हे कधी विचारायचं नाही. बारात दगड गावाचा असतो, बाईचा नसतो.

जागृतीचं पेन थांबलं. "आजी, हा तर करार आहे. न लिहिलेला."

"लिहिता कुणाला येत होतं?"

तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची. ऊन पलीकडच्या बाजूनं डोळ्यांत येत होतं. समोर नुसत्या काळ्या आकृत्या. त्यातली एक पुढे आली, वाळूत उतरली आणि तिनं हात वर केला. मला वाटलं, दगड भिरकावते आहे. मी आधी मारला. आयुष्यात माझा नेम कधी लागलेला नाही, चिंचेला मारला तर कौलावर जायचा. तो लागला. आधी घागर फुटल्याचा आवाज आला, मग पाणी वाळूत गेलं. चर्र.

द्वारकी वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून पाणी घेऊन येत होती. बायांना पाजायला, त्यांच्याही आणि आमच्याही. हात वर होता तो डोक्यावरची घागर सावरायला. समोरच्यानं हात हलवला की तो मारणारच असं धरून आधी मारायचं, या चुकीवर जागृतीच्या पुस्तकात अख्खा धडा आहे. मोठमोठे देश ती करतात म्हणे. तिनं मला तो वाचून दाखवला. समजुतीसाठी असावा. मला समजूत नको होती.

डोक्याला खोक पडलेली द्वारकी वाळूतून उठली, स्वतःच्या पायांनी घरी गेली. तिसऱ्या दिवशी तापात गेली. दोन्ही गावची मोठी माणसं पिंपळाखाली बसली आणि उठली तेव्हा एकच वाक्य घेऊन उठली. इकडे तेच, तिकडे तेच. पोरीला ऊन लागलं. पोलीस आले नाहीत, वैर झालं नाही. बार मात्र त्या वर्षापासून बंद. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं, मी देवपुरात आले.

"कुणालाच कळलं नाही, दगड तुझा होता ते?" जागृतीनं विचारलं.

"मला कळलं होतं."

"मग आता काय करायचं, आजी?"

असं मला आयुष्यात कुणी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, मरायच्या आधी एकदा कुणापुढे तरी ते वाक्य मोडायचं आहे. तिच्याकडचं कुणी उरलं असेल तर.

उरली होती. द्वारकीची धाकटी बहीण सिंधू, जळगावला मेहरूणमध्ये मुलाकडे. माझ्या भाच्याकडून जागृतीनं पत्ता काढला. ज्येष्ठ लागला तेव्हा आम्ही दोघी एसटीनं निघालो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, खिडकीची कांब हाताला चटके देत होती. जागृती मला समजावत होती. "आजी, आधी माफी मागू नकोस. काय झालं ते सांग आणि थांब. माफी मागितली की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. त्यांना उत्तर न देण्याची मोकळीक ठेव." मी म्हटलं, आणि त्यांनी हाकलून दिलं तर? "तर ते त्यांचं निवेदन," ती म्हणाली.

सिंधू काटकुळी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खिडकीतून तलाव दिसत होता, पाणी पार आटून मध्यावर गेलेलं. तिनं विचारलं, "कोन गावनी शे तू?" मी माहेरचं नाव सांगितलं. तिनं तांब्या पुढे केला. मी म्हटलं, आधी बोलते, मग पाणी. आणि सांगितलं. दगड माझा होता. हात वर दिसला, घागर दिसली नाही. एवढंच. मग थांबले.

पंखा फिरत होता. सिंधूनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. फोटोला हार घालताना माणूस फोटोकडे पाहतं तसं.

"मंग तू जित्ती शे," ती म्हणाली. मग तू जिवंत आहेस.

मला वाटलं, तिला राग आला. राग नव्हता. पुढचं तिचं बोलणं मी सोप्या मराठीत लिहिते.

"माय म्हणाली, गावानं शब्द दिला आहे, दगड कुणाचा ते विचारायचं नाही. पण जिनं मारला तिच्याशी मी मनात वैर धरलं तर माझी उरलेली पोरं त्या वैरात वाढतील. मेल्या माणसाशी वैर नसतं. म्हणून मायनं पुढच्या आखाजीला तुला मेली असं धरलं. द्वारकाच्या घागरीशेजारी दुसरी घागर ठेवली. उंबरठ्यावर बोट ओढलं, नाव घेतलं नाही. नाव ठाऊकच नव्हतं. मरताना मला बजावून गेली, ती घागर चुकवू नको. ती तहानलेली राहिली तर पाणी मागत इकडे येईल. मी एकही वर्ष चुकवली नाही. औंदाही ठेवली."

जागृतीनं माझा हात धरला. तिला उंटाची गोष्ट ठाऊक होती.

मी विचारलं, "घागर केवढी?" मूर्खासारखा प्रश्न.

"द्वारकाएवढीच. फरक केला नाही."

म्हणजे माझ्या लग्नाच्या वर्षापासून, चार बाळंतपणं, नवऱ्याचं मरण, सगळ्यातून मी दर आखाजीला एका परक्या घराच्या उंबरठ्यावर जाऊन पाणी पीत होते. आणि द्वारकीला मी बोट ओढून दरवर्षी बोलावलं आणि कोरडी परत पाठवली.

"आता जित्त्या माणसाची घागर भरता येत नाही," सिंधू म्हणाली. "पुढल्या सालापासून तुझी बंद. तुझं तू बघ."

"द्वारकीची मी ठेवू का?"

"आमची आम्ही ठेवू. तुझी तू ठेव. नाव घेऊन ठेव."

मग मी तिच्या तांब्यातलं पाणी प्यायले. माफी हा शब्द दोघींपैकी कुणी काढला नाही. निघताना तिनं माझ्या पायाकडे पाहिलं. पाय सरळ आहेत की उलटे, ते पाहिलं असावं. मी रागावले नाही. मीही पाहिलं असतं.

परतीच्या गाडीत जागृती म्हणाली, "आजी, हे मी माझ्या प्रबंधात लिहू?"

"नदीचं लिही, नियमांचं लिही. नावं नको."

"तुझं की तिचं?"

"तिचं घ्यायचं काम माझं आहे."

तिनं शब्द पाळला. तिच्या मास्तरांनी विचारलं म्हणे, या नियमांना आधार काय? तिनं लिहिलं, तोंडी परंपरा. मास्तरांनी त्याखाली लाल रेघ मारली. तरी पास केलं.

यंदा ती आली नाही, शेवटची परीक्षा आहे. मी कुंभाराकडून एक घागर जास्त घ्यायला लावली. आमच्या घरात दोन घागरी असतात, एक पुरुषांची, एक बायकांची. तिसरी ठेवली तेव्हा सून थबकली.

"आई, ही कुणाची?"

मी कुंकवात बोट बुडवलं, उंबरठ्यावर ओढलं आणि मोठ्यानं म्हटलं, "द्वारका."

"कोण द्वारका?"

"माझ्या वर्गातली."

ती आत कामाला गेली. जागृतीनं तिला काही सांगितलं असेल, नसेल. गच्चीवर मी गेले नाही. पलीकडे आता कुणी नसेल असं म्हणून गेले नाही, असं लिहिलं तर छान वाचायला येईल. खरं असं की भीती वाटली.

बारा वाजता वीज गेली. पंखा थांबला, गल्ली गप्प झाली. मी पुरणाला हात घातला आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. तहान कशी असते ते त्या दिवसापुरतं मी विसरलेच होते. आधी ओठ, मग घसा, मग कानामागे ठणका. उठून माठातून एक तांब्या प्यायले. सून पाहत राहिली. "आज तुम्ही पाणी पिताय?" दुसरा प्यायले. तहान तसूभर हलली नाही. पोटात पाणी डुचमळत होतं आणि घसा कोरडाच.

तिसरा तांब्या भरून तोंडाला लावणार, तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. सासरच्या दोन्ही घागरी काठोकाठ होत्या. तिसरीवरचं खरबूज, लोटा जागच्या जागी. ते उतरवून मी आत पाहिलं. पाणी चार बोटं खाली गेलेलं.

कोरी माती पाणी पिते, हे मला माहीत आहे. तिन्ही घागरी एकाच गाडीवरच्या होत्या, हेही माहीत आहे. मी हातातला तांब्या आधी त्या घागरीत ओतला. काठापर्यंत भरली. चर्र असा आवाज झाला आणि थांबला.

मग माझ्यासाठी चौथा भरला आणि प्यायले. त्यानं तहान गेली.